उजव्या कानाच्या वर

अर्लीन स्टेन्सरूडच्या दुकानात आरसा एकच,
तोही भिंतीकडे तोंड करून उभा.
टोपी पुरी होईपर्यंत कुणी स्वतःकडे बघायचं नाही,
असा तिचा कायदा.

माइल्स सिटी, मार्च.
रस्त्याच्या कडेला बर्फ काळा होऊन पडलेला.
रॉस केटलसन आत येतो, विणलेली कानटोपी काढत नाही.
"माझं माप आहे तुझ्याकडे," म्हणतो,
"एकोणीस वर्षांपूर्वीचं."

आहे. खणात सगळ्यांची मापं आहेत,
तळहाताएवढे कागद, टाचण्यांनी टोचलेले,
प्रत्येकावर एक लांबट, वेडावाकडा गोल.
कुणाचं डोकं घेवड्याच्या बीसारखं,
कुणाचं कपाळाशी चेपलेलं.
अगदी वाटोळं असं डोकं तिला
चाळीस वर्षांत एकच भेटलं, एका बँकवाल्याचं.
पैसे न देता गाव सोडून गेला.
टोपी तिने केली, घातली त्याने.

"जुनं नको," ती म्हणते. "डोकी बदलतात."
तो जरा वेळ उभा राहतो. मग कानटोपी काढतो.

उजव्या कानाच्या वर, जिथे हाड असायला हवं,
तिथे एक उथळ वाटी.
केस तिच्या काठाकाठाने उगवलेले,
आटलेल्या तळ्याभोवती गवत धरतं तसे.
गाठ होती. काढली. बिलिंग्जला, ऑगस्टमध्ये.
हे तो दाराकडे बघत सांगतो,
वासरांचा भाव सांगावा तसं.

अर्लीन यंत्र आणते, काळ्या पट्ट्यांची उंच टोपीच ती,
प्रत्येक पट्टी आपापल्या स्प्रिंगवर.
डोक्यावर बसवली की जी ती पट्टी
आपल्यापुरतं डोकं चाचपते
आणि वरच्या कागदात टाचणी टोचते.
बाकी सगळ्या निमूट थांबतात.
उजवीकडच्या तीन आत जातात,
अजून आत.

कागद निघतो.
जुना ती त्याच्या शेजारी ठेवून बघत नाही.

मग नऊ दिवस.
बीव्हरच्या लवेचा बुरणूस, ओबडधोबड, घंटेसारखा,
वाफेवर धरायचा बोटं पोळेपर्यंत,
पॉप्लरच्या ठोकळ्यावर ओढायचा.
ओला फेल्ट हट्टी. ओढलं की येतो,
सोडलं की त्याला आठवतं आपण आधी काय होतो.
दोरी आवळायची. वाळू द्यायचा.
इस्त्री, मग सँडपेपर, जाडा, बारीक, त्याहून बारीक,
धूळ नाकात, कॉफीत, पावाच्या लोण्यावर.
शेवटी स्पिरिटची निळी ज्योत, एक श्वासभर फिरवलेली.
उभे केस जळतात,
वास गुरांना डाग देताना येतो तोच,
फक्त दुरून आल्यासारखा.

तिचा आजा हे काम पाऱ्याच्या दिवसांत शिकला.
म्हातारपणी त्याला कप धरवत नसे.
सुई धरवायची. कशी, ते त्यालाच ठाऊक.

अवघड काम आत आहे, कुणाला न दिसणारं.
घामपट्टीच्या चामड्यामागे, उजवीकडे,
ती मेंढीच्या कातड्याची उशी शिवते, करंगळीएवढी.
उसवते. पुन्हा शिवते. पुन्हा उसवते.
जाताना दार अर्धं उघडून तो म्हणाला होता,
"वारा सुटला की तिथून आत शिरतोय असं वाटतं."
तिसऱ्यांदा शिवताना ती दिवा जवळ ओढते
आणि टाके मुंगीच्या पावलांनी घालते.

हिशोबात उशीचे पैसे लावले नाहीत.
लावले नाहीत, हेही लिहिलं नाही.

दहाव्या दिवशी टोपी तीच त्याच्या डोक्यावर ठेवते,
दोन्ही हातांनी, पुढून मागे.
तो मान वाकवतो, हलवतो, घोड्यासारखी झटकतो.
टोपी तिथेच.
ती आरशाकडे वळते.
"राहू दे," तो म्हणतो,
आणि नोटा दोनदा मोजून टेबलावर ठेवतो.

बाहेर मेन स्ट्रीटवर वारा दबाच धरून बसलेला.
कोपऱ्यावर सवयीने त्याचा हात वर जातो,
टोपी धरायला,
आणि तिथे त्याला काही काम नसतं.
वर गेलेल्या हाताचं करायचं काय,
म्हणून समोरून येणाऱ्या गवताच्या ट्रकला
तो हात दाखवतो.
आतला कोण होता, ते त्याला दिसलंही नाही.